कालवांच्या दुकानाचं दार

हे तुम्हाला पटणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. आमच्या शितान गावात पिढ्यान्‌पिढ्या दगडाचे सिंह घडवतात, आणि मी घडवलेला सिंह स्वतःच्या पायांनी ट्रकमध्ये चढला होता. ही गोष्ट मी फानला सांगितली तीसुद्धा त्यानं विचारलं म्हणून. मी आपण होऊन कधी बढाई मारत नाही.

हिवाळ्यातली दुपार. यिनच्या दुकानात आम्ही कालवांचा पोळा खात बसलो होतो. समुद्रावरचा वारा सरळ आत घुसत होता, तव्याखालचा जाळ आडवा झाला होता. फान हा नवा ट्रकवाला, डोंगरापलीकडचा. कानाला मफलर गुंडाळून म्हणाला, "काय हो आजोबा, या दुकानाला दार कसं नाही? पोळा तोंडाशी येईपर्यंत गार होतोय."

यिन मागच्या बाजूला कालवं फोडत बसली होती. तिला कशाला त्रास, म्हणून मीच म्हणालो, "दार होतं की. मैत्रीपायी गेलं."

"कुणाच्या मैत्रीपायी?"

"दोन शहरांच्या. समुद्रापलीकडे जपानात हामानोउरा आहे ना, ते आपल्या शहराचं भगिनी-शहर झालं. आता बहिणीकडे रिकाम्या हातानं कोण जातं? सिंहाची जोडी द्यायची ठरली. काम आलं आमच्या झ्वांग उस्तादांच्या कारखान्यात. तो काय, समोर रस्त्यापलीकडे. सिंहीण उस्तादांनी घडवली, पंजाखाली पिल्लू. सिंह मी घडवला. त्याच्या तोंडातला गोळा असा कोरला की बोटानं गरगर फिरेल, पण दातांतून बाहेर येणार नाही."

"ते सगळेच कोरतात," फान म्हणाला.

"ऐक तर. सिंह जागेवर पोचेपर्यंत त्याचे डोळे लाल फडक्यानं बांधून ठेवायचे. तिथं नेऊन, उंबऱ्यासमोर बसवून, मग शेंदरी रंगानं बुबुळं काढायची. डोळे उघडल्यावर जो उंबरा पहिला दिसेल तो त्याचा, जन्मभराचा. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण उपमहापौर लियाओंना हवा होता फोटो. म्हणाले, डोळे बांधलेला सिंह आंधळी कोशिंबीर खेळतोय असं दिसेल. उस्ताद नको नको म्हणेपर्यंत त्यांनी फडकं ओढलं आणि कुंचला फिरवलासुद्धा."

"मग?"

"मग काय, सिंहासमोर होतं यिनचं दुकान. पोळा नुकताच तव्यावर पडलेला. सिंहाच्या तोंडातला गोळा गुडगुड फिरायला लागला."

फाननं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "आजोबा, दगडाचा सिंह."

"दगडाचाच. लाकडाला असली भूक नसते. सिंहीण बिचारी डोळे बांधलेली, मुकाट ट्रकवर चढवून घेतली. हा हलेना. क्रेन लावली, दोर तुटला. दुसरी लावली, क्रेनच वाकून त्याच्या पाया पडली. लियाओ रुमालानं त्याचे डोळे पुसायला गेले, तर रुमाल गेला तोंडात. अजून गोळ्यामागे अडकलेला आहे. भरतीबरोबर जहाज सुटणार, आणि अर्धीच जोडी गेली तर उस्तादांचं नाव बुडणार. बायकोला एकटं पाठवणाऱ्या सिंहाला कोण विचारतो? उस्ताद रस्त्यातच फतकल मारून बसले. शेवटी उठले, इथं आले आणि यिनला म्हणाले, पोरी, तो तुझ्या दाराचा झाला. दार जाईल तिथं तो जाईल. तेवढं दार दे."

"काकींनी दिलं?"

"सुखासुखी कुठलं. म्हणाली, उस्ताद, तुमची मैत्री होईल आणि माझा जाळ विझेल. दाराशिवाय हिवाळ्यात इथं काळं कुत्रं येणार नाही. तसं दार काही फार थोर नव्हतं. खालची बिजागरी कुरकुरायची, आणि उजव्या फळीवर चिकटवलेल्या चित्रातल्या द्वारदेवाची दाढी तेलाच्या ठिणगीनं अर्धी जळलेली. पण तिच्या सासऱ्यानं केलेलं, म्हणून जीव त्याच्यात. शेवटी उस्तादांचा पडलेला चेहरा बघून तिनंच ते काढून दिलं. दोन्ही फळ्या ट्रकवर उभ्या केल्या. आणि सिंह उठला, अंगावरचा दगडाचा भुगा झटकला, ट्रकला लावलेल्या उतारावरून चढला आणि बायकोशेजारी जाऊन बसला. मी त्याला जरा हात दिला, तेवढाच."

फान हसायचं विसरला होता. मला हुरूप आला.

"आज हामानोउराच्या महापौरांना कचेरीत जायचं तर आपल्या यिनच्या दारातून जावं लागतं. फळ्यांत तीस वर्षांचा पोळ्याचा वास मुरलेला. त्यामुळे तिथं सकाळी आलेला माणूस खुर्चीत टेकायच्या आत जेवायला उठतो. मैत्री म्हणजे काय असते ते या दुकानात बघ. ही बाई वारा खातेय, पण एका शब्दानं कधी..."

"ल्येनभाऊजी," मागून यिनचा आवाज आला. हातात कालवं फोडायची सुरी तशीच. "बिजागरी बसवून आणतो म्हणून गेल्या उन्हाळ्यात तुम्ही दार घेऊन गेलात. काल तुमच्या सुनेनं मला अंगणात चहाला बसवलं. मेजावरचा पेला उचलला, तर खालून अर्ध्या दाढीचा देव माझ्याकडे बघत होता."