बोहनीची खूण

“चार पिना होत्या हो माझ्या हातात! चौथी गेली कुठे?”

सिस्टर स्टुलावर उभी होती. एका हाताने तक्ता भिंतीला दाबून धरलेला आणि नजर खाली फरशीवर. स्टूल धरून मावशी उभ्या होत्या. मावशी म्हणजे दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, रडणारी पोरं सांभाळणाऱ्या, किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून फिरणाऱ्या मावशी. सिस्टर सुई-पट्टी शिकून नवीनच आली, तेव्हा तिची धावपळ बघून त्यांनी तिला ‘भिंगरी’ म्हटलं. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. तिचं खरं नाव पगारपत्रकातच काय ते उरलं होतं.

“पडली असेल कुठेतरी, सापडेल झाडताना. तू आधी खाली उतर, भिंगरे. आजच्या दिवशी तंगडी मोडून घेऊ नकोस.”

आजचा दिवस! भिंगरी पहाटेपासून त्याच नादात होती. चहात साखरेऐवजी मीठ घातलं, नवरा बिचारा न बोलता प्याला, आणि मग म्हणाला, “आज तुझा तक्ता भरणार वाटतं.”

तीन पिनांवर तक्ता टांगला गेला. त्यावर एकशे त्रेचाळीस चौकोन होते. दवाखान्याच्या यादीत मधुमेहाचे एकशे त्रेचाळीस पेशंट, प्रत्येकाचा एक चौकोन. पाय तपासून झाले की चौकोनात हिरव्या शाईने बरोबरची खूण. एकशे बेचाळीस खुणा झाल्या होत्या. उरला होता एक चौकोन, आणि बारा वाजता सगळ्या दवाखान्यांवरचे साहेब येणार होते.

पायांचंच का, असं कुणी विचारलं की भिंगरी शिंप्याची गोष्ट सांगायची. कोपऱ्यावरचा शिंपी सात वर्षं या दवाखान्यात दर महिन्याला यायचा. रक्त द्यायचा, गोळ्या घ्यायचा, ‘पथ्य पाळा’ ऐकून जायचा. बूट घालून यायचा आणि बूट घालून जायचा. सात वर्षांत एकाही माणसाने त्याला ‘जरा बूट काढा हो’ म्हटलं नाही. भिंगरीनेही नाही. एक दिवस बूट निघाला, तेव्हा खोलीत वास सुटला. पाय गुडघ्याखालून कापावा लागला. कुबडी घेऊन तो पुन्हा आला आणि हसत म्हणाला, “सिस्टर, नवा जोड घेतला होता. डावा कोरा आहे. कुणाला लागत असला तर सांगा.”

त्या हसण्याने भिंगरीच्या काळजाचं पाणी पाणी झालं. त्याच दिवशी तिने वर्षभराचे कागद उपसले. एकशे त्रेचाळीस पेशंट, आणि पाय पाहिल्याची नोंद किती जणांची? नऊ! डॉक्टरांना तरी बोल कसा लावणार? एका पेशंटला मिळतात चार मिनिटं. त्यातली दोन नाड्या सोडण्यात जाणार. मग कोण कशाला बूट काढायला सांगतंय?

तेव्हा भिंगरीने साधी युक्ती काढली. डॉक्टरांच्या दाराबाहेर एक बाक. बाकाशेजारी नंबर घातलेल्या कप्प्यांचा रॅक. चपला-बूट रॅकमध्ये, मग भिंगरीपुढे पाय आणि मगच डॉक्टर. बस्स, एवढंच! पाय धुवायचे, पुसायचे, बोटांच्या बेचक्यांत बघायचं. मग नायलॉनचा एक जाड दोरा तळव्याला दहा ठिकाणी टेकवायचा. पेशंटने डोळे मिटून बसायचं आणि स्पर्श कळला की ‘हो’ म्हणायचं. जिथे ‘हो’ येत नाही, तिथे पाय मुका झालाय. तिथे जखम झाली तरी माणसाला पत्ता लागणार नाही.

“दुखत नाही म्हणून खूश होऊ नका,” ती बाकावरच्या प्रत्येकाला बजावायची. “दुखत नाही हीच तर गोम आहे!”

साहेबांना कागद पाठवला. औषधांच्या गोदामाची खोली पायांसाठी मोकळी करून द्या, एक नर्स वाढवा, आणि हे बाकीच्या अकरा दवाखान्यांतही सुरू करा. साहेबांनी उत्तर दिलं होतं: बारा आठवड्यांत यादीतला एकूण एक माणूस तपासून दाखवा. एक जरी राहिला, तरी वरचे म्हणतील की लोक येत नाहीत, खोली कशाला हवी?

एकूण एक! पहिल्या दिवशी बाकावर एक माणूस बसेना. सगळे चपला घट्ट धरून लाजत उभे. तेव्हा मावशीच पुढे झाल्या. त्यांनाही साखर होती, यादीत त्यांचंही नाव होतं. “लाव गं माझी खूण. बोहनी झाल्याशिवाय दुकान चालत नाही!” पहिल्या चौकोनात हिरवी खूण पडली, तशी एक आजी हसली आणि बाकावर येऊन बसली. मग रांगच लागली. बारा आठवड्यांत सतरा जखमा सापडल्या. एक बाबा तर बुटात खडा घेऊन तीन दिवस हिंडत होते!

आणि बाकावरचे निम्मे पाय पुसले ते मावशींनी. “आधी चपला काढा, मग आत!” ही त्यांची हाळी फाटकापर्यंत ऐकू जायची.

शेवटचा चौकोन होता चित्रकलेच्या रिटायर मास्तरांचा. तीनदा निरोप गेला, तीनदा मास्तरांनी तो परत पाठवला. शेवटी औषधं देणारा कंपाउंडर स्कूटर घेऊन गेला आणि साडेअकराला मास्तरांना मागे बसवून घेऊनच आला.

“बूट काढणार नाही,” मास्तर बाकावर बसत म्हणाले. “सांगून ठेवतो.”

“का हो मास्तर? पाय बघायचेत, परीक्षेचा पेपर नाही बघायचा!”

मास्तरांनी पाय बाकाखाली ओढून घेतले. मग हळूच म्हणाले, “मोजे फाटके आहेत. हिने रफू केले होते. ती गेल्यापासून मी धूत नाही. धुतले की रफू उसवतं.”

 कंपाउंडरने नाक मुरडलं, तर मावशींनी त्याच्यावर असे डोळे वटारले की तो सरळ काउंटरमागे गेला. भिंगरीने मोजे टाचेकडून अलगद, एक धागा न ओढता उतरवले आणि घडी करून मास्तरांच्या हातात दिले.

“आता डोळे मिटा.”

“हो,” मास्तर म्हणाले.

“अहो, अजून लावलाच नाही दोरा! मास्तर असून कॉपी करताय?”

सगळा दवाखाना हसला. मास्तरही हसले. पाय ठणठणीत निघाले, दहाच्या दहा ‘हो’! भिंगरीने हिरवं पेन उघडलं आणि शेवटच्या चौकोनात खूण केली. एकशे त्रेचाळीस! खाली मोठ्या आकड्यात तसं लिहिलं. कंपाउंडरने टाळ्या वाजवल्या. डॉक्टर दारात येऊन म्हणाले, “भिंगरी, जिंकलीस की गं!” आणि मग त्यांना आठवलं की पेशंटांसमोर सिस्टर म्हणायचं असतं. भिंगरीला तर नाचावंसं वाटत होतं. एकोणीस वर्षांत कुणी सांगितलं म्हणून तिने हजार कामं केली होती. हे काम तिने स्वतः काढलं होतं आणि पार पाडलं होतं.

बारा वाजता साहेब आले. चष्मा वर करून, हात मागे बांधून ते तक्ता वाचू लागले, चौकोन न् चौकोन. सगळे त्यांच्या मागे उभे. बाकावरची मंडळीसुद्धा अनवाणी, गप्प.

त्या शांततेत मावशी पाण्याचा ट्रे घेऊन आल्या.

टक्. टक्. टक्.

एका पावलाचा आवाज येत नव्हता, दुसऱ्याचा येत होता. भिंगरीने ऐकलं. आधी वाटलं, किल्ल्या असतील. पण किल्ल्या वाजल्या तर छुमछुमतात. हा फरशीवर धातू आपटल्याचा आवाज होता. 

“मावशी, थांबा! उजवा पाय उचला बघू.”

“आता? अगं, साहेबांना पाणी तरी...”

“उचला म्हणते ना!”

मावशींनी ट्रे कंपाउंडरच्या हातात दिला आणि पाय मागे उचलला. झिजून कागदासारख्या झालेल्या रबरी चपलेच्या तळाशी पिनेचं गोल डोकं चमकत होतं.

“अगंबाई, सापडली की तुझी चौथी पिन!” मावशी आनंदाने म्हणाल्या.

भिंगरीने त्यांना बाकावर बसवलं. चपला काढायला गेली, तर उजवी निघेना. ती पायाला टाचली गेली होती. भिंगरीने पिन उपटली, तेव्हा चपलेत रक्ताचा डाग होता. मावशी सकाळी नऊपासून तशाच हिंडत होत्या. आणि अंगठ्याखाली चिंधी बांधलेली दिसली. चिंधीखाली जुनी जखम होती, कडा पांढऱ्या पडलेली, खोल.

“हे केव्हाचं?”

“ते होय? दीड-दोन महिने झाले. दुखत नाही गं मुळीच.”

दुखत नाही. भिंगरीने मान वर केली नाही. डोळे भरले होते आणि ते मावशींना दिसायला नको होते. तिने खिशातून नायलॉनचा दोरा काढला. “डोळे मिटा, मावशी. कळलं की ‘हो’ म्हणा.”

मावशींनी डोळे मिटले. भिंगरीने दोरा टाचेला टेकवला. मग कडेला. मग चवड्याला, करंगळीला, अंगठ्याला. दहा ठिकाणी. 

“अगं, सुरू कर ना,” मावशी डोळे मिटूनच म्हणाल्या. “साहेबांना उशीर होतोय.”

भिंगरीने दोरा खिशात ठेवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं होतं. मास्तरांसाठी तीन निरोप गेले होते, वर स्कूटरही गेली होती. आणि या बाईच्या पायाकडे बारा आठवडे एकानेही पाहिलं नव्हतं. डॉक्टरांना वाटलं सिस्टरने पाहिलं असेल. कंपाउंडरला वाटलं डॉक्टरांनी पाहिलं असेल. आणि सिस्टरला वाटलं... छे, सिस्टरला वाटलंच नव्हतं काही. ‘संध्याकाळी बघ पाय, कुठे पळून जातायत?’ असं मावशी त्या दिवशी म्हणाल्या होत्या. ती संध्याकाळ आलीच नाही. घरच्या माणसाकडे कोण बघतं?

ती उठली, लाल पेन घेतलं आणि तक्त्यावरच्या पहिल्याच चौकोनावर आडवी रेघ मारली. खालचा आकडा खोडून एकशे बेचाळीस लिहिला.

“सिस्टर,” डॉक्टर तिच्या कानाशी कुजबुजले, “आत्ता तपासलंस ना? झाले की एकशे त्रेचाळीस.”

“ते आज झाले, सर. बारा आठवडे ही खूण खोटी होती.” मग ती वळली. आवाज खणखणीत निघाला. “साहेब, पहिली खूण मी न बघता केली. एक माणूस राहिला. आमचाच राहिला.”

मावशींनी कपाळावर हात मारला. “साहेब, चूक माझी आहे हो! मीच म्हटलं बोहनी कर. पोरीची खोली घालवू नका!”

 साहेब त्या लाल रेघेकडे बघत राहिले, मग बाकावरच्या त्या पायाकडे. चष्मा खाली घेत म्हणाले, “गोदामाची किल्ली कुणाकडे असते?”

कुणाला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा कंपाउंडरच्या हातातला ट्रे डचमळला. “मावशींकडे!” तो ओरडला. “मावशींकडेच असते, साहेब!”

“सिस्टरला द्या ती. आणि तो तक्ता मला द्या. अकराही दवाखान्यांत दाखवायचाय, त्या लाल रेघेसकट.”

मावशींनी कमरेचा जुडगा सोडला. त्यातून एक किल्ली काढायला गेल्या, मग थांबल्या, आणि सगळा जुडगाच भिंगरीच्या ओंजळीत ठेवला. मोठ्या हॉस्पिटलात जावं लागणार हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. बाकावरच्या सतरा जणांना ते त्यांनीच समजावलं होतं. “अंगठा जाईल का गं?” त्यांनी हळूच विचारलं.

“माहीत नाही, मावशी,” भिंगरी म्हणाली. खोटं बोलणं आजच्यापुरतं संपलं होतं. “पाय वाचवू. त्यासाठीच जायचं.”

तिने घमेल्यात कोमट पाणी घेतलं आणि खाली फरशीवर बसून तो पाय मांडीवर घेतला. मावशी मागे ओढू लागल्या. “तू नको गं, शोभत नाही!” भिंगरीने पाय सोडला नाही. धुतला, बेचक्यांत टिपला, पट्टी बांधली. साहेब उभे राहून बघत होते. मास्तर मोज्यांची घडी छातीशी धरून बघत होते.

कंपाउंडरने चाकांची खुर्ची आणली. मावशी खुर्चीतून फाटकापर्यंत गेल्या, तेव्हा समोरून एक बाई पोराला घेऊन घाईघाईने आत येत होती.

“आधी चपला काढा बरं, मग आत!” मावशींची हाळी इथवर ऐकू आली.

भिंगरीने हात पुसले. बाकाखाली मावशींच्या चपला तशाच पडल्या होत्या, एकीला बारीक भोक. तिने त्या उचलल्या आणि रॅकच्या एक नंबरच्या कप्प्यात ठेवल्या. मग किल्ल्यांचा जुडगा कमरेला अडकवला आणि बाकावरच्या पुढच्या माणसाला म्हणाली, “या. डोळे मिटा.”