तलावावरची निळी चादर

मी एक जुनी चादर आहे. बिछान्यावरची नव्हे, पाण्यावरची. निळ्या प्लास्टिकची, खालच्या अंगाला हवेचे बारीक बारीक फुगे असलेली. मला पोहण्याच्या तलावावर पसरतात. वरचे ऊन मी आत जाऊ देते आणि आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. मित्रांनो, हे काम कोंबडीलाही समजते. ती अंड्यांवर बसते, अंड्यांशेजारी शेकोटी पेटवत नाही. माणसांना मात्र ते समजावून सांगावे लागते, आणि सांगूनही उपयोग होतोच असे नाही.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखे काही नाही. कारखान्यातल्या यंत्रातून लांबच लांब बाहेर आले, मला कापले, गुंडाळले आणि दुकानात उभे केले. इतर वस्तू आपल्या जन्माचे फार कौतुक करून सांगतात. मला ते जमत नाही.

टूवूम्बा गावातल्या डॉरीन आणि क्लॅरी या जोडप्याने मला विकत घेतले. हे गाव डोंगरमाथ्यावर आहे. जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, पहाटे गवत हिमाने पांढरे होते आणि पश्चिमेचा वारा हाडांपर्यंत जातो. तरीही घरोघरी मागच्या अंगणात तलाव असतो, आणि निम्मे वर्ष त्यात फक्त पाने पोहतात. डॉरीनचा तलाव तसा नव्हता. ती गल्लीतल्या मुलांना पोहायला शिकवत असे, त्यामुळे पाणी ऊबदार हवे असे. क्लॅरीने लोखंडी नळीचा एक रहाट करून मला त्यावर गुंडाळले. रोज संध्याकाळी एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला ती, अशी दोघे मला पाण्यावर ओढून घेत.

"तुझी बाजू वाकडी आहे," क्लॅरी म्हणे.

"माझी बाजू सरळ आहे. तलाव वाकडा आहे," डॉरीन म्हणे.

तलाव खरेच थोडा वाकडा होता. तो क्लॅरीने स्वतः खणला होता.

माझ्या आयुष्यातली कौतुकाची वर्षे तीच. मुले सकाळी पाण्यात पाय घालत आणि "गरम आहे" म्हणून ओरडत. क्लॅरी गेल्यावर माझे दुसरे टोक शेजारची लॉर्ना धरू लागली. लॉर्ना डॉरीनच्याच वयाची. पत्त्यांत लबाडी करते आणि मला ओढताना सारखी कण्हते, पण आली नाही असे कधी झाले नाही.

मग एका वर्षी एप्रिलमध्ये डॉरीनच्या खुब्यावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी घरी सोडताना स्पष्ट सांगितले, की रोज ऊन पाण्यात उतरून चालायचे. हिवाळाभर ते केले तर ती पहिल्यासारखी फिरेल. नाही केले तर सांधा आखडेल, आणि मग एकटीने घरात राहणे कठीण. हिवाळा तोंडावर आला होता. तलावाचे पाणी तापवायचे कसे, हे ठरवायला डॉरीनचा मुलगा वॉरेन डोंगराखालच्या ब्रिस्बेन शहरातून आला.

वॉरेन घरे विकण्याचा धंदा करतो. त्याला वस्तू वापरण्यापेक्षा निवडण्यात जास्त रस आहे. मुलगी बघायला आल्यासारखा तो दर शनिवारी येई, खुर्ची ओढून तलावाकडे तोंड करून बसे आणि फोनवर यंत्रांची चित्रे बघे. ही गॅसची भट्टी, हा हवेतली ऊब ओढून पाण्यात सोडणारा पंप, ह्या छतावर उन्हात पसरायच्या काळ्या नळ्या. मे महिना असाच गेला.

"वॉरेन, मला पाणी ऊन हवंय," डॉरीन खिडकीतून म्हणाली. "त्याचं लग्न नाही लावायचं."

"आई, घाईत घेतलेली वस्तू चुकते."

"आणि सावकाश घेतलेली तेरवीला पोचते."

मग त्याने विक्रेते बोलावले. तिघे तीन दिवशी आले आणि प्रत्येकाने दुसऱ्या दोघांची यथेच्छ निंदा केली. गॅसवाला म्हणाला, "सकाळी बटण दाबा, संध्याकाळी पोहा. बाकीचे तुम्हाला उन्हाची वाट बघत बसवतील." पंपवाला म्हणाला, "गॅस म्हणजे जुना जमाना." कडाक्याच्या थंडीत आपला पंप दमतो, हे त्याने बुटाची नाडी बांधता बांधता सांगितले. नळ्यावाला म्हणाला, "सूर्य कुणाला बिल पाठवत नाही," आणि ढगाळ आठवड्याबद्दल विचारल्यावर आकाशाकडे बघत राहिला. तिघांचे एका गोष्टीवर मात्र एकमत होते. जाताना प्रत्येकाने माझ्याकडे बोट दाखवून सांगितले, की काहीही घ्या, रात्री ही चादर टाकत जा. पाण्याची ऊब वरूनच निघून जाते. वॉरेनने तिन्ही वेळा मान डोलावली. त्याची मान डोलते तेव्हा कान बंद असतात.

जून उजाडल्यावर त्याची बायको शेरिलही आली. तिने माझ्याकडे आणि रहाटाकडे असे बघितले, जसे कुणी ताटातल्या केसाकडे बघावे.

"हे आधी काढ, वॉरेन. कसं दिसतंय ते. गिऱ्हाईक फाटकातूनच परत जाईल."

"कसलं गिऱ्हाईक?" डॉरीनने विचारले. ती कुबड्या घेऊन मागच्या दारात उभी होती, हे शेरिलला दिसले नव्हते.

"म्हणजे पुढेमागे. समजा तुम्हाला सोयीच्या ठिकाणी राहावंसं वाटलं तर."

"मला सोय इथेच आहे. पाणी तेवढं गार आहे."

वॉरेनने त्याच दिवशी गॅसची भट्टी पक्की केली. सगळ्यांत मोठी. ती आली तेव्हा चार माणसांनी उचलली, आणि तिच्यासाठी जागा करायला रहाट उपटला गेला. मला घडी घालून छपरीच्या भिंतीला टेकवले. घडी कसली, बोळा केला. मी त्या भट्टीबद्दल वाईट बोलणार नाही. बिचारी जीव तोडून जळत होती. दिवसभर पाणी तापवायचे आणि रात्री ते आकाशाला वाटून टाकायचे, हा काही तिचा निर्णय नव्हता.

पहिल्या दिवशी डॉरीन कठडा धरून पाण्यात उतरली आणि तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. तिच्या चेहऱ्यावर मी क्लॅरी गेल्यापासून न पाहिलेले काहीतरी होते. वॉरेनने तिचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पुन्हा गारठलेले. पुन्हा भट्टी, पुन्हा गारठा. गॅसच्या टाक्या संपू लागल्या तसा वॉरेनचा मातृप्रेमाचा झराही आटू लागला.

लॉर्ना त्याला म्हणाली, "अरे, ती चादर टाकू या ना. मी धरते एक टोक."

"मावशी, एवढं मोठं यंत्र घेतलं ते पुन्हा गोधड्या ओढायला का? तुम्ही दोघी पडलात म्हणजे?"

मग त्याने भट्टी फक्त शनिवार-रविवारी चालेल अशी लावून दिली. म्हणजे तो बघायला हजर असेल तेव्हा.

डॉरीन हट्टी आहे. डॉक्टरांनी रोज सांगितले म्हणजे रोज. एका बुधवारी ती लॉर्नाला बरोबर घेऊन तलावावर आली. वारा सुटला होता.

"कसं आहे पाणी?" लॉर्नाने विचारले.

"ओलं आहे," डॉरीन म्हणाली आणि उतरली.

मधोमध गेल्यावर तिचा पाय आखडला. ती उभी होती, पाणी छातीपर्यंत होते, पण पाऊल पुढे पडेना. ओठ पांढरे पडले. मी भिंतीला टेकून होते आणि काही करू शकत नव्हते. लॉर्नाने कुणाला हाक मारली नाही. बूट आणि लोकरीचा स्वेटर घालूनच ती पायऱ्या उतरून आत गेली आणि डॉरीनच्या काखेत हात घातला.

"तुला पोहता येत नाही," डॉरीन म्हणाली. तिचे दात वाजत होते.

"नाही येत."

"मग आत कशाला आलीस?"

"तू बाहेर येईनास म्हणून. चल, डावा पाय टाक."

त्या दोघी एकमेकींना धरून बाहेर आल्या. त्या शनिवारी वॉरेन आला, त्याने सगळे ऐकले, आणि चूक कुणाची आहे हे ठरवायला त्याला यंत्र निवडण्याइतका वेळ लागला नाही. चूक आईची होती. तिला त्याने आपल्या घरी नेण्याचे ठरवले. तिची बॅग गाडीत ठेवताना त्याची नजर माझ्यावर पडली.

"ही होडीवर टाकायला होईल," तो म्हणाला, आणि मला मागच्या ट्रेलरमध्ये फेकले.

अशी आम्ही दोघी एकाच गाडीने ब्रिस्बेनला गेलो. ती पुढे, मी मागे.

वॉरेनची होडी अंगणात एका गाड्यावर उभी असते. वर्षातून दोनदा पाण्यात जाते, एरवी तिचे लाड चालतात. संध्याकाळी वॉरेन स्वतः बाहेर येई, मला होडीवर नीट पसरे, चारही कोपरे ताणून दोऱ्यांनी बांधे. एक दिवस चुकला नाही. त्याच्या हातांना हे काम इतके चांगले येते, हे मला तोवर माहीत नव्हते.

डॉरीनची खोली अंगणाच्या बाजूला होती. ती खिडकीशी बसून असे. पाय आणखी जड झाला होता. एका संध्याकाळी वॉरेन माझी गाठ मारत असताना ती चालायची चौकट पुढे ढकलत हळूहळू बाहेर आली आणि होडीपाशी थांबली.

"वॉरेन, होडीला थंडी वाजते का रे?"

"आई, आत जा, वारा आहे."

"विचारतेय. तिचा खुबा दुखतो का?"

वॉरेनने गाठ न सोडता माझ्याकडे मान वळवली.

"जुनं प्लास्टिक आहे आई. पडून होतं."

"पडून नव्हतं. तू काढून टाकलंस. रोज संध्याकाळी तू हिला झाकतोस, मी बघते. माझं पाणी झाकायला तुला एकदाही वेळ झाला नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "सोड ती गाठ. मी उद्या घरी जातेय. लॉर्ना तिच्या पुतण्याबरोबर येतेय गाडी घेऊन."

"तू एकटी कशी राहणार?"

"एकटी नाही. लॉर्ना माझ्याकडे राहायला येतेय. पत्त्यांत फसवेल, पण पाण्यात सोडून जाणार नाही."

शेरिल दारापर्यंत आली होती. ती तिथूनच मागे फिरली.

घरी परतल्यावर डॉरीनने एका दुपारी फोन उचलला आणि नळ्यावाल्याला बोलावले. तो पुन्हा सूर्याचे गुणगान करू लागला तेव्हा म्हणाली, "ते मला माहीत आहे. नळ्या कधी बसवतोस ते सांग." निवड संपली. लॉर्नाच्या पुतण्याने नवा रहाट केला. दिवसा छतावरून ऊन पाणी येऊ लागले आणि संध्याकाळी त्या दोघी मला पाण्यावर ओढू लागल्या, एक लंगडत, दुसरी कण्हत. ढगाळ दिवसांतही पाणी तग धरू लागले.

पण मित्रांनो, गोष्ट गोड करून सांगायला मी बांधील नाही. हिवाळ्याचे ते महिने वाया गेले होते. डॉरीन रोज पाण्यात चालली, चौकट सुटली, काठी मात्र सुटली नाही. डॉक्टर म्हणाले, आधी सुरुवात झाली असती तर. ती म्हणाली, "आधी माझा मुलगा विचार करत होता."

गॅसची भट्टी वॉरेन घेऊन गेला. पुढच्या वर्षी त्याने आपल्या अंगणात तलाव खणून घेतला आणि ती तिथे बसवली. चादर घेतली नाही. शेरिलला ती चालत नाही. आता माझे फुगे उन्हाने फुटू लागले आहेत आणि मला सांभाळा, अशी विनवणी मी तुम्हाला करायला हवी. करत नाही. ज्याला समजायचे त्याला समजेल, आणि ज्याला समजणार नाही तो हीटर निवडत बसेल.

परवा सकाळी वॉरेनने आईला फोटो पाठवला. थंडीतला त्याचा तलाव, पाण्यावरून दाट पांढरी वाफ उठते आहे आणि काठावर तो कॉफीचा कप घेऊन उभा आहे. खाली लिहिले होते, 'बघ, किती छान वाफ निघतेय.' डॉरीनने चष्मा लावून तो फोटो बराच वेळ बघितला आणि फोन लॉर्नाकडे दिला.

"ऊब सगळी वर चाललीय," ती म्हणाली, "आणि हा तिला निरोप द्यायला उभा आहे."

लॉर्नाने फोन पालथा ठेवला आणि पत्ते पिसले.