बाबल्या तांडेलाचं नाव माझ्यावर होतं

मित्रांनो, मिरकरवाड्याच्या बंदराजवळ बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला टेकून उभा आहे ना, तोच मी, एक जुना वार्ताफलक. सागवानी चौकट, खाऱ्या वाऱ्याने खाल्लेल्या कडा. निवृत्त शिक्षक गुरुप्रसाद गुरुजी रोज सकाळी पेपरातल्या बातम्या खडूने माझ्यावर लिहितात आणि पेपर न घेणारं अख्खं बंदर मला वाचतं. या मानामुळे मी फुगून गेलो होतो.

मागे एका दिवाळीत माझ्यावर आलं, 'मच्छीमारांची जाळी पेटवली. बाबल्या तांडेल अटकेत.' दुसऱ्या दिवशी पेपरला सुट्टी, म्हणून ती बातमी तशीच राहिली. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. तांडेल म्हणजे बोटीचा कारभारी. खलाशी त्याच्या भरवशावर समुद्रात जातात. जामिनावर आलेल्या बाबल्याच्या बोटीवर कुणी चढेना.

परवा न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. पेपराने छापलं, 'जाळी पेटवणारा बाबल्या पुराव्याअभावी सुटला.' गुरुजींनी ते जसंच्या तसं उतरवलं.

दुपारी बाबल्याची बायको काशी मासळीची पाटी खाली ठेवून माझ्यासमोर उभी राहिली आणि गुरुजींना बोलावून तिने जाब विचारला. गुरुजी म्हणाले, पेपरात आहे तेच लिहिलं, पदरचं काही घातलं नाही.

"त्या रात्री हे चिपळूणला इस्पितळात आयशीच्या उशाशी होते. कोर्टानंच सांगितलान," काशी म्हणाली. "मग पेटवणारा म्हणून का लिवलंत, गुरुजी?"

गुरुजींनी बाबल्याच्या वकिलांना फोन केला. काशीचं खरं होतं. पेपर चुकला असेल, पण अक्षर माझं, असं पुटपुटत त्यांनी नवं लिहिलं, 'बाबल्या तांडेल निर्दोष. आग लागली तेव्हा तो इथे नव्हताच, असे न्यायालयाने म्हटले आहे.' दुसऱ्या सकाळीही त्यांनी ते पुसलं नाही. मंत्र्यांच्या दौऱ्याची बातमी त्या दिवशी बंदराला कळलीच नाही. दोन खलाशी बाबल्याकडे परत आले. बाकीचे अजून 'बघू' म्हणतात.

मग बाबल्या स्वतः आला. त्याने सगळं सावकाश वाचलं.

"गुरुजी, आता पुसा," तो म्हणाला. "माझं नाव इथं नको. चांगलंसुद्धा नको."

गुरुजींनी ओल्या फडक्याने मला पुसलं. मला फार लाज वाटली. इतकी वर्षं लोक मला वाचत होते, पण ज्याच्याविषयी लिहिलं तोही एक दिवस समोर येऊन वाचेल, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. मित्रांनो, कुणाचं नाव लिहाल, तेव्हा तो माणूस समोर उभा आहे असं समजून लिहा.