टोकावरची टोपी

दुपारी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रयोगशाळेतला नळ नुसता फुसफुसला आणि अंबिकानं तो बंद केला. जायकवाडीचं धरण तळाला गेलं होतं. टँकर निघाला तरी आधी बायपासच्या नव्या टोलेजंग इमारतींकडं वळायचा. थंड पाण्यावाचून वाफ निवेना, म्हणून यंत्रातलं द्रावक काही लवकर उडेना, आणि हैदराबादच्या औषध-संशोधकांचा माल तर संध्याकाळच्या कुरिअरनं जायचा होता.

हा माल म्हणजे पीईजी नावाच्या पदार्थाची लवचिक साखळी. तिचं एक टोक कर्करोगाच्या प्रथिनाला धरणाऱ्या रेणूशी जोडायचं, दुसरं पेशीतल्या कचरा उचलणाऱ्या यंत्रणेला बोलावणाऱ्या रेणूशी. मग पेशीच ते प्रथिन मोडून टाकते. पण टोकानं वेळेआधी भलतंच काही धरू नये, म्हणून त्यावर ‘बॉक’ नावाची टोपी घालून ठेवलेली असते.

अंबिकानं घाईघाईनं यंत्राखालच्या तव्याची उष्णता वाढवली. द्रावक उडालं. मग तिच्या ध्यानात आलं, शुद्ध करताना घातलेलं थोडं आम्ल अजून आतच होतं. आम्ल आणि उष्णता, दोन्ही या टोपीचे वैरी.

तिनं तपासणीच्या पट्टीवर मालाचा थेंब ठेवला, उघड्या टोकांना जांभळं करणारं निनहायड्रिन शिंपडलं, हलकंसं शेकलं. टोपी शाबूत असती तर पट्टी कोरी राहिली असती. तिथं जांभळा ठिपका उमटला.

शेजारच्या टेबलावरचा झीशान वाकून बघू लागला. “लई नाय हे. थोडंसंच तर हाय. पाठव ना, कोन बघतंय?”

“हैदराबादवाले वापरतील ना ते, झीशान. त्यांनी पेशी तयार ठेवल्यात. उद्या औषध लागू पडलं नाय, तर ते औषधालाच दोष देतील. साखळीकडं कुनाचं ध्यान जाईल?”

“मग मॅडमला काय सांगशील?”

अंबिकानं पट्टी उचलली. ती या नोकरीसाठी वैजापूरहून आली, तेव्हा आईनं निम्मी मेंढरं विकली होती. तरी ती प्रयोगशाळा चालवणाऱ्या मेहरुन्निसा मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

“मॅडम, आम्ल आत असताना तवा मीच तापवला. टोपी थोडी निघालीय.”

मेहरुन्निसा मॅडमनी पट्टी उजेडात धरून बघितली. तेवढ्यात अंबिकानं मनातल्या मनात राजीनामाही लिहून टाकला. मग त्यांनी तिच्यादेखतच हैदराबादला फोन लावला. पलीकडचा आवाज चढला, तशी मॅडमची मान खाली गेली. “जी हाँ, गलती हमारी है,” त्या म्हणाल्या. फोन ठेवून अंबिकाकडं वळल्या. “उघडी टोकं पुन्हा झाकता येतील. आधी आम्ल काढ. या वेळी घाई नको.”

झीशान न सांगताच बर्फ घेऊन आला. अंबिकानं आधी आम्ल काढलं, मग फ्लास्क बर्फात ठेवून बॉकची टोपी चढवणारं रसायन थेंबथेंब सोडलं. संध्याकाळी कुरिअरवाला आला आणि रिकाम्या हातानं परतला.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा पट्टी शेकली. पट्टी कोरीच राहिली. तपासणीच्या मोठ्या यंत्रानंही तेच सांगितलं. पुन्हा शुद्ध करताना माल मात्र बराच घटला होता. हैदराबादकरांनी तेवढाच घेतला आणि पुढच्या कामाचं काही बोलले नाहीत.

“आता दुसरं काम देतील का ते?” अंबिकानं विचारलं.

“माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या आणि आपला डबा तिच्यापुढं सरकवला. “आधी दोन घास खा. कालपासून उपाशी दिसतेस.”