क गटाची यादी

लच्छू मोहुर्ले दोनच माणसांच्या पायांशी मनापासून वाकायचा. एक, कीर्तनाला उभे राहिलेले महाराज. दुसरे, शाळेतले मास्तर. मास्तर त्याच्याहून दहा वर्षांनी लहान असले तरी त्याला फरक पडत नसे. ज्ञान सांगणारा तो मोठा, एवढा साधा हिशेब. म्हणून शनिवारी तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात पालकसभा झाली, देशकर सरांनी एक कागद पुढे सरकवला, तेव्हा तो वाचून बघावा असं काही त्याच्या मनात आलं नाही. सर पेन देतात, आपण सही करायची. त्याने केली. वर सरांच्या पायांना हातही लावला.

त्याची मुलगी दिव्यानी बारावी सायन्सला. तिला फार्मसी करायची होती, आणि फार्मसीला जायचं तर सीईटी द्यावी लागते. खऱ्या परीक्षेआधी पोरांना अंदाज यावा म्हणून कॉलेजने जानेवारीत सराव सीईटी घेतली होती. निकाल लागला, तो तीन गटांत बोर्डावर डकवला. अ गट फार्मसी-इंजिनिअरिंगवाल्यांचा, ब गट बीएस्सीचा. क गटाच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'भरती, आयटीआय व इतर'. क गटात तेवीस नावं. बाराव्या नंबरला दिव्यानी लच्छू मोहुर्ले. दोनशेपैकी अठ्ठ्याहत्तर, म्हणजे एकोणचाळीस टक्के.

"लच्छूभाऊ, मी पोरीच्या भल्याचंच सांगून राह्यलो," सर म्हणाले होते. "मागच्या साली फार्मसी ब्याऐंशीवर बंद झाली. तुमची पोरगी एकोणचाळीसवर. कुठी ब्याऐंशी, कुठी एकोणचाळीस. वनरक्षकाची भरती निघन आता. सकाळी उठून पळाले लावा तिले."

लच्छूने मान हलवली. सर बरोबरच सांगत असणार.

गावाच्या फाट्यावर एसटीतून उतरेपर्यंत दिव्यानी खिडकीबाहेर बघत होती. उतरल्यावर म्हणाली, "बाबा, तो कागद तुमी वाचला काऊन नाई?"

"सरनं देल्ला ना."

"त्याच्यात लिवलं होतं का मी यंदा सीईटी देनार नाई, आन हे तुमाले मान्य हाय. क गटातल्या सगळ्या मायबापाईकडून सही घेतली, तुमीबी केली."

"तं मंग आता?"

"आता काय. सरनं सांगतलं हाय ना पळाले. पळतो मी." आणि ती खरोखरच भरभर पुढे निघून गेली. बाप तिचं दप्तर काखेत मारून मागे चालत राहिला.

दुसऱ्या दिवशी गावात सप्ताह बसला. सप्ताहात मृदंग लच्छूचा; पंधरा वर्षं झाली, दुसऱ्या कोणाचा हात त्यावर पडला नव्हता. दुपारी तो देवळाच्या मंडपात मृदंग लावायला बसला. डाव्या तोंडाला कणीक थापली, उजव्या तोंडावर बोटाने टिचकी मारत फिरला. एका जागी आवाज उतरलेला होता. त्याने तिथल्या चामड्याच्या वादीखालचा लाकडी गट्टा हातोडीने ठोकला. गरजेपेक्षा जोरात ठोकला.

"मृदंगावर कोनाचा राग काढून राह्यले, लच्छूभाऊ?"

उपकेंद्राच्या नर्स सत्यशीलाबाई. त्या विहाराकडच्या, सप्ताहाशी त्यांचं तसं देणंघेणं नव्हतं. पण गावातली सगळी म्हातारी माणसं सात दिवस एका जागी हाती लागतात, म्हणून दर साली बीपीचं मशीन घेऊन त्या मंडपात येऊन बसायच्या. म्हातारेही कौतुकाने दंड पुढे करायचे. महाराज पुण्य देतात, बाई गोळी देतात, असं इसरू म्हातारा म्हणायचा.

लच्छूने त्यांना सगळं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज खाली खाली गेला. "पोट्टी माह्याशी बोलून नाई राह्यली, बाई. पन सरनं तरी काय करावं. तिले जमतच नाई तं."

"जमत नाई हे कोनं पाह्यलं? बोलवा तिले. गुनाचा कागद घेऊन ये म्हना."

दिव्यानी आली. बाईंनी चष्मा लावून कागद वाचला. जीवशास्त्र शंभरपैकी चोपन्न. रसायन पन्नासपैकी अठरा. भौतिकशास्त्र पन्नासपैकी सहा.

"सहा? फिजिक्सले काय झालं वं?"

"आमाले फिजिक्सले सरच नाईत, मावशी. तासिकेवरचे सर होते ते दिवाळीच्या आधी सोडून गेले. सोळा धड्यांतले पाच झाले. मंग तो तास रिकामाच राह्यते. देशकर सर म्हनते, वाचत बसा."

"आन पेपर कितीवर काहाडला?"

"सोळावर."

बाईंनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. "माह्या पोराले, अश्वजितले, सराव परीक्षेत चव्वेचाळीस टक्केच होते. आज तो नागपूरले फार्मसीच्या तिसऱ्या सालात हाय. आन हे ब्याऐंशी जे सर सांगते ना, ते टक्के नाईत. ते पर्सेंटाइल हाय."

"एकच ना ते?"

"कायचं एकच? हे पाहा. रात्री कीर्तनाले शंभर मानसं बसते. तुमाले कीर्तन किती समजलं, ते टक्के. आन तुमच्या मागं किती जन बसले, ते पर्सेंटाइल. अर्धंच समजलेला मानूसही पुढच्या रांगेत बसू शकते, का नाई? पेपर अवघड असला का सगळेच अर्धं सोडवते. सरनं गहू तराजूत तोलला आन कापूस हातानं मोजला, आन म्हनते गहू कमी भरला."

लच्छू हातातल्या हातोडीकडे बघत राहिला. मृदंगावर टिचकी कशासाठी मारतो आपण? कुठे उतरलाय ते कळावं म्हणून. कळलं की तिथला गट्टा ठोकायचा, जरा चढवायचा. एका जागी आवाज पडला म्हणून कोणी मृदंग अडगळीत टाकून, जा तू आता पळ, असं म्हणत नाही. आणि इथं तर त्या जागेला वादीच लावलेली नव्हती. वादी न लावणाऱ्यानेच टिचकी मारली होती, आणि मृदंग बेसूर आहे असं लिहून त्याखाली बापाची सही घेतली होती.

असा राग त्याला आला नव्हता कधी. धान पाखरांनी खाल्लं, डुकरांनी तुडवलं, तेव्हा वाईट वाटलं होतं. पण पाखरांनी कोणाच्या सह्या घेतल्या नव्हत्या.

"फॉर्मची शेवटची तारीख कधी?" त्याने विचारलं.

"उद्या," दिव्यानी म्हणाली.

"असा कागद अश्वजितच्या वक्ती नव्हता," बाई म्हणाल्या. "त्याचा काय अर्थ ते मले सांगता येत नाई. उद्या पहिले तो परत घ्या."

सोमवारी पहिल्या एसटीने बापलेक कॉलेजात पोचले. देशकर सर चहा पीत होते. लच्छू दारात उभा राहिला. वाकला नाही. सरांच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी कप खाली ठेवला.

"सर, शनवारचा माह्या सहीचा कागद परत द्या."

"काऊन? काय झालं?"

"पोरगी सीईटी देनार हाय."

"तं देऊ द्या ना," सर म्हणाले. "फॉर्म तिचा तिनं भराचा असते, सेतू केंद्रावर जाऊन. त्याले कॉलेज लागत नाई. मी कुठी अडवलं?"

लच्छूला हे कळायला क्षणभर वेळ लागला. "म्हंजे ह्या कागदानं काईच होत नाई?"

"काई नाई. आपलं रेकॉर्डसाठी."

"मंग सही कायले घेतली?"

सरांनी कप पुन्हा उचलला. कोपऱ्यात बसलेला कारकून चंदन हळूच म्हणाला, "दादा, जूनमधी फ्लेक्स लागते ना. इतके बसले, इतक्यांचा नंबर लागला. बसनारे कमी असले का आकडा चांगला दिसते."

"चंदन, तुझं काम कर," सर म्हणाले.

"म्हंजे फ्लेक्ससाठी," लच्छू म्हणाला. तो मोठ्याने बोलत नव्हता. मंडपात मृदंगावर थाप पडायच्या आधी जशी शांतता असते तशा शांततेने बोलत होता. "सर, मी सातवी शिकलो. मले तुमचं पर्सेंटाइल कालपरेंत माहीत नव्हतं. पन मी तुमच्या पाया पडलो शनवारी. पोरीले जे तुमी शिकवलंच नाई, त्याच्यात ते कच्ची हाय असं लिवलं, आन वरतून मोहोर माह्या सहीची मारली. तेवीस बापांच्या सहीची. आमी जो तुमच्यावर इस्वास ठेवला ना, त्याच्यावर तुमी सही घेतली."

"हे पाहा, पद रिकामं हाय ते माह्या हातात नाई. मी तीनदा पत्र लिवलं वरती."

"नसन तुमच्या हातात. मंग यादीवर तेच लिवाचं होतं. पोराईले सांगाचं होतं, तुमी कच्चे नाई, आमच्याजवळ मास्तर नाई. इतकं तं तुमच्या हातात होतं का नाई?"

सरांनी कपाटातून कागद काढला आणि टेबलावर ठेवला. लच्छूने तो फाडला नाही. घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. गावात दाखवायला लागेल म्हणून.

सेतू केंद्रावर दोन तास रांग होती. फोटो एकदा मोठा झाला, एकदा लहान झाला, मोबाईलवर येणारा आकडा दोनदा उशिरा आला. तीन वाजता फॉर्म गेला. पावतीचा कागद हातात आल्यावर दिव्यानीने तो दोनदा वाचला आणि मग बापाच्या हातात दिला. "वाचा," म्हणाली. लच्छूने अक्षर अन् अक्षर वाचलं, परीक्षा केंद्राच्या नावापर्यंत.

"चला बाबा. अज्यून कॉलेजात जाचं हाय."

"आता कायले?"

कॉलेजच्या व्हरांड्यात बोर्डासमोर जाऊन तिने दप्तर बापाच्या हातात दिलं आणि पेन काढलं. क गटाच्या यादीत पहिल्या नावासमोर, गुणांच्या पुढे मोकळी जागा होती. तिथे तिने नीट अक्षरात लिहिलं, 'भौतिकशास्त्र शिकवले नाही.' मग दुसऱ्या नावासमोर. मग तिसऱ्या.

नवव्या नावाला पेन अडलं. चंदन कारकून आतून बघत होता. त्याने स्वतःचं पेन आणून दिलं आणि परत जाऊन बसला.

देशकर सर बाहेर आले. वाचलं. लच्छूला वाटलं आता ओरडतील; आपण काय म्हणायचं ते तो जुळवत होता. पण सर म्हणाले, "यादी उद्या काढून टाकतो मी."

"नोका काढू, सर," लच्छू म्हणाला. "बाकीच्याईचे मायबाप येतीन वाचाले." आणि खिडकीतून आत वाकून, "चंदनभाऊ, या बावीस जनाईचे फोन नंबर द्या मले. तारीख आज रातपरेंत हाय."

पहिला नंबर यादीत सर्वांत वर असलेल्या स्वाती कोवेचा होता. फोन तिच्या बापाने उचलला. मागे कुऱ्हाडीचा आवाज येत होता, तो थांबला.

"झाडूभाऊ, मी दिव्यानीचा बाप बोलून राह्यलो. तुमी शनवारी अंगठा मारला ना, त्याच्यानं काई होत नाई. पोरीले घेऊन आत्ताच्या आत्ता निघा. इथी आल्यावर सांगतो तुमाले, काय झालं ते."