कुंडीसकट

मित्रांनो, मी एक जुने खुरपे आहे. फार दमले आहे, म्हणून असे मातीत अर्धे रुतूनच बोलते. तुम्ही जरा खाली वाका, म्हणजे ऐकू येईल. माझे पाते झिजून निम्मे उरले आहे आणि मुठीचे तर विचारूच नका.

माझा जन्म सिहोऱ्याचा. मोडक्या ट्रकच्या कमानीचा एक पाटा लोहाराने भट्टीत लाल केला, ठोकून ठोकून चपटा केला आणि त्याला बाभळीची मूठ बसवली. भाजणे-ठोकणे संपले तेव्हा मला वाटले, सुटले एकदाचे. पण बाजारात सुहासिनीबाईंनी मला उचलले, पात्यावरून अंगठा फिरवून पाहिला, आणि त्यांच्या पिशवीतून बसने मी जबलपूरला आले. तेव्हापासून उसंत म्हणून नाही.

सुहासिनीबाई तेव्हा नव्या नवरी होत्या. त्यांचे यजमान चंद्रशेखर इथल्या संरक्षण कारखान्यात नोकरीला, आणि राहायला कारखान्याचे क्वार्टर. दारापुढे थोडी मोकळी जमीन होती. बाईंनी माझ्याकडून तिथे खड्डा करवून घेतला आणि एक मोगरा लावला. तो असा काही बहरला की संध्याकाळी कामावरून परतणारे लोक त्या दारापुढे सायकल हळू करत. पुढे चंद्रशेखरांना बढती मिळाली, मोठे क्वार्टर मिळाले. जमिनीतले झाड काही टेम्पोत चढत नाही. बाईंनी त्याची एक काडी छाटून कुंडीत रोवली आणि मोगरा नव्या बिऱ्हाडाच्या हवाली केला. काही दिवसांनी त्या सहज बघायला गेल्या, तर मोगऱ्याच्या जागी फरशी घातलेली आणि वर स्कूटर उभी. त्या तशाच मागे फिरल्या. घरी येऊन मला धुतले, पुसले आणि स्वतःशीच म्हणाल्या, "आता जमिनीत काही लावायचं नाही."

आणि खरेच लावले नाही. क्वार्टरे बदलत गेली, बाग कुंड्यांतच राहिली. दर वेळी टेम्पोत आधी कुंड्या चढत आणि मग कपाट. माझे काम एकच. माती उकरायची, भरायची, पुन्हा उकरायची. कौतुक फुलांचे होई आणि मी गोणपाटात गुंडाळलेले कुठल्यातरी बादलीत पडून राही. तक्रार करत नाही असे म्हणणार होते, पण करते. माझी मूठ किती वेळा बदलली हेही कोणाला आठवत नसेल.

चंद्रशेखर निवृत्त झाले आणि दोघांनी जबलपुरातच मदन महलला स्वतःचे घर बांधले. पुढे अंगण, फुलबागेपुरती जागा. मित्रांनो, मला खूप बरे वाटले. आता हे उकरणे-भरणे थांबेल, झाडे जमिनीत जातील आणि मीही विसावा घेईन, असे मी मनाशी धरून चालले होते. जमीन मात्र खडकाळ निघाली. चंद्रशेखर पहारीने खड्डे करत आणि बाई माझ्या पात्याने दगड वेचून काढत. खड्डे तयार झाले. मग बाईंनी एकेक झाड उचलले आणि कुंडीसकट खड्ड्यात ठेवले. वरून काठ झाकेल एवढी माती ओढली.

चंद्रशेखर पहारीला टेकून बघत होते. म्हणाले, "कुंडीसकट काहून लावून राहिली? घर आपलं आहे आता."

"अमेय बोलावून राहिला ना पुण्याला," बाई म्हणाल्या. "उद्या जावं लागलं तर?"

अमेय हा त्यांचा मुलगा. दर फोनवर त्याचे एकच पालुपद, तुम्ही दोघे एकटे कशाला राहता, इकडे या. जायचे दोघांच्याही मनात नव्हते. पण कोणतेही घर आपले म्हणायची बाईंची हिंमत त्या स्कूटरखाली कधीच चेपली गेली होती.

बाग दिसायला झकास झाली. शेवंती, जास्वंद, गुलाब, सदाफुली आणि मधोमध त्या काडीचा वाढलेला मोगरा. शेजारच्या दीदी फाटकाशी थांबून तारीफ करून जात. मी मात्र रोज माती भुसभुशीत करताना कुंडीच्या काठावर आपटत होते. आत मुळे गोल गोल फिरून कोंडली होती. उन्हाळा आला तसा गुलाब गेला, मग जास्वंदीची पाने पिवळी पडली. बाई सकाळ-संध्याकाळ पाणी घालून थकल्या. एकदा पायरीवर बसून म्हणाल्या, "माझ्या हाताला यशच नाही राहिलं." मला फार वाईट वाटले. हातात काही खोट नव्हती, हे मी कसे सांगणार? मोगरा तेवढा हिरवागार होता, आणि का, हे मलाही कळत नव्हते.

त्याच सुमाराला चंद्रशेखर न्हाणीघरात घसरून पडले. हाड वाचले, पण अमेय धावत आला आणि या वेळी त्याने ऐकूनच घेतले नाही. घर भाड्याने द्यायचे, ट्रक बोलवायचा, सगळे ठरवून टाकले. चंद्रशेखर एवढेच म्हणाले की तुझी आई म्हणेल तसे. आईने दोऱ्या आणि गोणपाट काढले. सामान बांधायची तिला सवयच होती. नेहमीप्रमाणे आधी कुंड्या.

शेवंतीची कुंडी अलगद वर आली. सदाफुलीचीही आली. मोगऱ्याची येईना. अमेयने दोन्ही हातांनी ओढून पाहिली, ती हलेना. बाईंनी मला घेतले आणि बाजूने खोल उकरत गेल्या. कुंडीच्या बुडाच्या भोकातून बोटाएवढे जाड मूळ बाहेर पडले होते आणि दोन दगडांच्या फटीतून पार खाली गेले होते.

"आई, काट देते हैं ना इसे," अमेय म्हणाला. "पुण्याला दुसरा लावू." त्याने मला हातात घेऊन मुळावर टेकवलेसुद्धा.

बाईंनी त्याचे मनगट धरले. मुळावरची माती बोटांनी बाजूला केली. मग म्हणाल्या, "मी नको नको म्हणत राहिले, आणि यानं इथं घर करून टाकलं."

त्यांनी मला त्याच्या हातून काढून घेतले, उलटे धरले आणि कुंडीवर सगळ्या ताकदीने घातले. पुन्हा घातले. कुंडी फुटली, आणि माझी मूठही मोडली.

आतून चंद्रशेखरांनी विचारले, "काय फुटलं?"

"कुंडी," बाई म्हणाल्या. "ट्रकवाल्याला फोन करा. येऊ नको म्हणावं."

अमेय दिवसभर घुश्शात होता. मग न्हाणीघरात धरायला एक दांडी बसवून पुण्याला परत गेला. वाचलेली सगळी झाडे आता कुंडीशिवाय जमिनीत आहेत. मला बाईंनी त्या दिवशी मोगऱ्याशेजारी रोवले ते मी तसेच आहे. गंज चढतो आहे. मित्रांनो, तुमच्या घरी माझे कोणी भाऊबंद असेल तर काम झाल्यावर त्याला धुवून कोरडे करून ठेवत जा. आणि झाड लावाल तेव्हा उद्या कुठे जायचे आहे याचा हिशेब त्याच्या मुळांवर लादू नका.

परवा चंद्रशेखर नवी मूठ बसवायला म्हणून मला उचलायला वाकले. बाई पायरीवरूनच म्हणाल्या, "राहू द्या त्याला तिथंच. दमलं असेल. आता कुठं जायचंय."