दोनशे वर्षांची भट्टी

तिबुर्सियोने पाण्याची बादली भट्टीच्या तोंडात रिकामी केली आणि वाफेचा लोट होबिताच्या अंगावर आला.

"आरं मुडद्या! सणाचा दिस हाय!" ती ओरडली. "बारा वाजता माझा सेवेरो यील. त्याला काय राख वाढू?"

तिचा लेक सेवेरो गेल्या हिवाळ्यात कथिलाच्या खाणीत दबून मेला होता. पाल्काविरी गावची मेलेली माणसं वर्षातून एकदा, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, भर दुपारी घरी जेवायला येतात. त्यांच्यासाठी माणसाच्या आकाराचा पाव घरच्याच हातांनी भाजायचा असतो. होबिताने पहाटेपासून कणीक मळून लेक घडवला होता. रुंद खांदे, बाहेर आलेले कान. परातीत तो फुगून तयार होता.

"मावशे, माझ्यावर कशाला आरडतीस?" नगरपालिकेचा शिपाई तिबुर्सियो म्हणाला. "परवा पाटी लावली ती वाच की. दोनशे वर्सांची ऐतिहासिक भट्टी, विस्तव पेटवायचा न्हाई. दोनशे वर्सं कुनी सांगितली?"

सांगितली होती होबितानेच. मागच्या साली गावाचा इतिहास लिहायला शहरातून एक चष्मेवाला आला. शेजारच्या पेत्रोनाने आपली विहीर शंभर वर्षांची सांगितली. मग होबिता मागं कशी राहणार? तिने दोनशे ठोकली.

"खोटं बोलले रं म्या," ती हळूच म्हणाली. "चाळीस वर्सं झाली. माझ्या बानं बांधली. म्या सोता माती तुडवलीया."

"आता? पुस्तक छापून झालं. शाळंतली पोरं पाठ करत्यात. जा, अध्यक्षबाईंना सांग."

नगराध्यक्षा चौकात पाहुण्यांना घंटेचा मनोरा दाखवत होत्या. होबिता धापा टाकत पुढे झाली. "बाईसाहेब, ती भट्टी जुनी न्हाई. म्या थाप मारली. एक डाव पेटवू द्या."

"मुलगा गेला, तेव्हापासून भ्रमिष्ट झालीय," अध्यक्षबाई पाहुण्यांना म्हणाल्या. मग तिच्या पाठीवर हात फिरवून, "आजी, शहरातून पावाचा ट्रक आलाय. एक घेऊन जा, फुकट."

"ट्रकातला पाव वळखंल व्हय त्यो?"

अध्यक्षबाई पाहुण्यांना घेऊन मनोऱ्याकडे वळल्या.

गावात दुसरी भट्टी नव्हती. घरी येऊन होबिताने चुलीवर तवा ठेवला. सेवेरो त्यावर मावेना. तिने सुरी घेतली आणि गुडघ्यांतून त्याचे पाय कापले. धड आधी भाजलं. वरून करपलं, आत ओलंच राहिलं.

बाराची घंटा झाली तेव्हा तिने धड मेजावर ठेवलं, अंगावरची शाल सारखी केली आणि उघड्या दाराकडे बघून म्हणाली, "आलास? बस बाबा. उठू नगंस. पाय अजून तव्यावर हैत."